कोणता संधिवात, ते आधी सांगा

प्रोबायोटिक्समुळे, म्हणजे आतड्याला उपयोगी मानल्या जाणाऱ्या जिवंत जिवाणूंच्या कॅप्सूलमुळे, सांधेदुखी आणि सूज कमी होते, असं एका लेखात सरसकट म्हटलंय. पण सांधेदुखी कसली? गुडघ्याची कूर्चा झिजणं वेगळं आणि आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, वेगळा. आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सकाळी बोटं इतकी आखडतात की मूठ वळत नाही.

आमवाताचा आतड्याशी संबंध आहे, हे मान्य. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांना नव्याने आमवात झालेल्या, औषध सुरू न केलेल्या रुग्णांच्या आतड्यात 'प्रिव्होटेला कोप्री' हा जिवाणू जास्त प्रमाणात आढळला. पण तो आजाराचं कारण की परिणाम, हे त्यावरून ठरत नाही. लॅक्टोबॅसिलस केसी या प्रोबायोटिक जिवाणूच्या छोट्या चाचण्यांत रक्तातली दाहाची काही मापं उतरली, पण त्या जेमतेम काही आठवड्यांच्या होत्या.

लेबलवर नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' लिहिलं असेल तर त्याला फारसा अर्थ नाही. ते फक्त गटाचं नाव. प्रजाती आणि तिच्यातला नेमका उपप्रकार, म्हणजे स्ट्रेनही हवा, कारण एका स्ट्रेनचा गुण दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. शिवाय आमवातावरचं मेथोट्रेक्सेट हे औषध किंवा बायोलॉजिक प्रकारची इंजेक्शनं चालू असतील, तर जिवंत जिवाणू पोटात घेण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे, कारण ही औषधं प्रतिकारशक्ती दाबतात. लेखात याबद्दल चकार शब्द नाही. आणि कॅप्सूल सुरू केली म्हणून मेथोट्रेक्सेट परस्पर बंद करू नका. दुखणं कमी वाटलं तरी आतून सांधा झिजत राहू शकतो.