तोंड वाकडे होणे व गिळता न येणे : एक खुलासा

जळगाव-धुळ्याकडील व्हॉट्सअ‍ॅप गटांत असा संदेश फिरतो आहे की, पहाटे केळीला पाणी भरताना वारे लागून तोंड वाकडे झाल्यास घोटभर कोमट तेल पाजावे, कारण चेहरा व गिळणे एकाच नसेवर चालते. हे चुकीचे, किंबहुना धोक्याचे आहे. चेहऱ्याचे स्नायू मेंदूची सातवी नस हलवते. ती दुबळी झाल्यास डोळा नीट मिटत नाही, चूळ ओठाच्या कोपऱ्यातून गळते. गिळण्याचा मुख्य भार मात्र नवव्या, दहाव्या व बाराव्या नसेवर असतो. त्या बिघडलेल्या असतील तर पाजलेले तेल थेट श्वासनलिकेत उतरू शकते. अचानक तोंड वाकडे झाले, विशेषतः कपाळावर आठ्या पडत असूनही, तर पक्षाघाताची शंका धरून रुग्णाला काहीही न पाजता तातडीने रुग्णालयात न्यावे.