सुनेचं नाव अजून कुळारच्या यादीत

आज संध्याकाळी गोव्यात डिचोलीत बैठक झाली. विषय २०२७ची विधानसभा. दोन तास भाषणं. जमिनी, त्यांचा झोन बदलू देणारं कलम ३९-अ, खाणी, कॅसिनो, सगळं खरं, सगळं पटणारं. मग मागच्या रांगेतून एक मावशी उठल्या. "म्हजे सुनेचें नांव अजून कुळारच्या यादींत आसा. तें हांगा कोण हाडटलो?" म्हणजे सुनेचं नाव अजून माहेरच्या मतदार यादीत आहे, ते इथे कोण आणणार? व्यासपीठावर चार जण होते. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "ते नंतर बघू, आधी मुख्य विषय."

अहो, मुख्य विषय तोच होता!

उत्तर एका ओळीचं आहे. फॉर्म ८. २०२२पासून पत्ता बदलायला हाच फॉर्म, मतदारसंघ बदलला तरी हाच. आपले कार्यकर्ते अजून फॉर्म ६ भरून देतात. तो नव्या मतदाराचा. तो भरला की नाव दोन ठिकाणी होतं, आणि मग दोन्हीकडचं धोक्यात येतं. दुसरी अडचण पुराव्याची. आपल्याकडे वीजबिल वारलेल्या आजोबांच्या नावावर असतं, ते सुनेच्या कामाचं नाही. आधार किंवा बँकेच्या पासबुकावरचा पत्ता आधी बदलून घ्या. आणि हे शेवटच्या आठवड्यात होत नाही. अर्ज आला की हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, आणि उमेदवारी अर्ज भरायची मुदत संपली की यादी गोठते.

४ नोव्हेंबर २०२५पासून मतदार यादीच्या फेरतपासणीसाठी बीएलओ, म्हणजे बूथची यादी सांभाळणारे अधिकारी, फॉर्म घेऊन गोव्यात दारोदार फिरले. तेव्हा आपल्यातले किती जण त्यांच्या बरोबर होते?

२०२२चे आकडे आठवा. सांत आंद्रे मतदारसंघ ७६ मतांनी ठरला. साखळीत मुख्यमंत्री ६६६ मतांनी वाचले. एका मतदारसंघात चाळीसएक बूथ असतात. ७६ म्हणजे बूथमागे दोन मतं. एक सून आणि तिचा नवरा. मावशी त्याच दोन मतांबद्दल विचारत होत्या.

मान्य, पैसा चालतो, नोकरीचं आमिष चालतं. आणि काँग्रेसचे निवडून आणलेले ११ पैकी ८ आमदार सप्टेंबर २०२२मध्ये पलीकडे, भाजपमध्ये गेले, तो घाव मीही विसरलेलो नाही. पण म्हणून यादी वाचायची नाही?

एका बूथचं काम किती ते सांगतो. साधारण सातशे नावं, पावणेदोनशे घरं. चार माणसं, दोन जोड्या. एका जोडीला एका संध्याकाळी सहा घरं झेपतात, जास्त नाही, कारण घरात बसावं लागतं. आठवड्यातून दोन संध्याकाळी गेलं तर पहिली फेरी सात-आठ आठवड्यांत होते. वेळ पाच ते सात. त्यानंतर दिवे लागतात, आरती, ख्रिस्ती घरांत तेर्स (संध्याकाळची प्रार्थना), जेवणं, दार उघडतं पण मन उघडत नाही. पहिल्या फेरीत मत मागायचंच नाही. हातात यादीची छापील प्रत, आणि प्रत्येक नावापुढे खूण: आहे, वारले, लग्न होऊन गेली, बोटीवर नोकरीला आहे, पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन लंडनला. घरातल्या बाईला बोलू द्या. कोण कुठे आहे ते तिलाच पक्कं ठाऊक असतं. यादी वाड्याप्रमाणे लागलेली नसते, हे पहिल्याच दिवशी कळतं आणि निम्मे जण तिथेच कंटाळतात. म्हणून आधी घरी बसून वाड्यावार नवी यादी करा.

पंच्याऐंशीच्या वरच्यांना घरी मतदान हवं तर फॉर्म १२-ड. अधिसूचनेनंतर पाच दिवसांत दिला नाही तर संपलं.

मतदानाच्या दिवशीचं तर बोलायलाच नको. मतदान सातला, पण मॉक पोल, म्हणजे यंत्राची चाचणी, त्याच्या दीड तास आधी. निदान पन्नास मतं टाकून, मोजून, यंत्र पुसलेलं डोळ्यांनी बघायचं. आपला एजंट आठला चहा पिऊन येतो. दुपारी जेवायला जातो तो परत येत नाही. अरे, बदली एजंट दोन ठेवता येतात, नेमणुकीचा फॉर्म १० त्यांचाही आधीच भरून ठेवा! आणि संध्याकाळी १७-सी, म्हणजे बूथवर झालेल्या मतांचा हिशेब, त्याची सहीची प्रत घेतल्याशिवाय उठायचं नाही. त्या कागदावरचा एकूण आकडा मोजणीच्या टेबलावर जुळवायचा असतो. प्रत नसेल तर जुळवणार कशाशी?

रागाने लिहायला बसलो होतो. आज बैठकीत कॉलेजची पाच-सहा मुलं होती, वह्या घेऊन आलेली. त्यांनी भाषणं लिहून घेतली, बिचाऱ्यांना दुसरं दिलंच काय आम्ही? त्यांच्या हातात एकेक बूथ दिला असता तर ती आजच वाड्यावर गेली असती. "चवथ (गणेशचतुर्थी) होऊ दे, मग बघू" हे त्यांना अजून कोणी शिकवलेलं नाही.

मावशी शेवटपर्यंत थांबल्या नाहीत. त्यांचं नाव कोणी लिहून घेतलं नाही. वाडाही कोणी विचारला नाही. बैठकीला आलेल्यांपैकी कोणी त्यांना ओळखत असेल तर मला मेसेज करा, नाव इथे लिहू नका. त्यांच्या घराचा भाग क्रमांक आणि सुनेच्या जुन्या यादीतला अनुक्रमांक लागेल. रविवारी पाचला दोघं जण फॉर्म ८ घेऊन त्यांच्याकडे जातील. दुसरा कोण येणार ते खाली लिहा.