गिअर ऑइल दुधाळ झालं म्हणजे हेड गॅस्केट गेलं?

पावसाळा लागला की रायडर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा मला तो तिघांकडून आला. त्यात म्हटलंय की, डर्ट बाइकचं गिअर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं की हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधलं सील) गेलं, हेड उघडा. रेडिएटरचं पाणी कमी झालं नसेल तर तो नुसता हवेतला ओलावा, दुर्लक्ष करा. खात्री हवी असेल तर तेल बोटावर घेऊन चाखा, गोड लागलं तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं द्रव). आणि ऑइल बदललं की विषय संपला.

यातली चाखण्याची गोष्ट जिवावर बेतणारी आहे, म्हणून आधी तीच. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल गोडसर असतं हे खरं, पण ते विष आहे. त्यानं मूत्रपिंडं निकामी होतात. त्याच गोडीमुळे कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. आपल्याकडे चाळीच्या बोळात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऑइल काढलं जातं आणि ट्रे रात्रभर तसाच उघडा राहतो. कृपा करून झाका, आणि गटारात ओतू नका.

आता हेड गॅस्केट. हा समज कुठून आला ते कळतं. गाड्यांच्या इंजिनात हेडमधून तेलाची आणि पाण्याची वाट शेजारी-शेजारी जाते, गॅस्केट फाटलं की दोन्ही एकत्र येतात. दुसरीकडे, आपले कितीतरी मेकॅनिक यामाहाच्या आरएक्स १०० वर तयार झाले. ते इंजिन हवेवर थंड होणारं, त्यात वॉटर पंपच (कूलंट फिरवणारा पंप) नाही. मग वॉटर पंपाचा संशय येणार कुठून?

लिक्विड कूल्ड, म्हणजे कूलंटवर थंड होणाऱ्या, टू-स्ट्रोक डर्ट बाइकमध्ये हेडपर्यंत गिअर ऑइल जातच नाही. क्रँकचा कप्पा वेगळा, गिअरबॉक्सचा वेगळा. तिथं हेड गॅस्केट गेलं तर कूलंट सिलिंडरमध्ये उतरतं. पांढरा धूर येतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसतात, पिस्टनचा माथा धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. गिअर ऑइल मात्र तसंच राहतं. होंडाच्या २००२ च्या सीआरएफ ४५० आर सारख्या काही फोर-स्ट्रोकमध्येही इंजिनाचं आणि गिअरबॉक्सचं तेल वेगवेगळं आहे. ज्या फोर-स्ट्रोकमध्ये एकच तेल दोन्हीकडे फिरतं, तिथं हेड गॅस्केटचा संशय रास्त आहे, तेवढं त्या मेसेजला मान्य.

बाकी बाइकमध्ये आधी बघायचं ते वॉटर पंपाचं सील. पंपाचा शाफ्ट क्लच कव्हरमधून आरपार जातो. एका बाजूला कूलंट, दुसऱ्या बाजूला गिअर ऑइल, मध्ये सील. बहुतेक बाइकला दोन सीलच्या मधून खाली एक बारीक भोक असतं, गळती आत न जाता बाहेर दिसावी म्हणून. हे भोक चिखलानं बुजलं की कूलंटला बाहेरची वाट उरत नाही आणि ते ऑइल सीलमधून आत शिरतं.

भांडुपच्या माझ्या एका मित्राची १२५ सीसी टू-स्ट्रोक कर्जतहून आल्यावर अशीच दुधाळ झाली. गॅरेजवाल्यानं हेड उघडलं, नवं गॅस्केट टाकलं, पैसे घेतले. पंधरा दिवसांत तेल पुन्हा चहा. मग आम्ही घरीच कव्हर काढलं. भोकात लाल माती वाळून दगड झाली होती, तारेनं टोकरून काढावी लागली. शाफ्ट पुसून त्यावरून नख फिरवलं तर सीलच्या जागी नख अडकलं. घासून खाच पडली होती. अशा शाफ्टवर नुसतं नवं सील बसवलं तर ते फार टिकत नाही. शाफ्ट आणि दोन्ही सील एकदमच बदला.

‘पाणी कमी झालं नाही’ हा पुरावा फार कच्चा. तेल दुधाळ व्हायला थोडंसं कूलंट पुरतं, आणि तेवढी घट रेडिएटरमध्ये वरून बघून लक्षात येत नाही. उलट गिअरबॉक्स मोजा. ७०० मिली टाकलं आणि ७५० निघालं, तर वरचं ५० कुठून तरी आलंय. तेल पारदर्शक बाटलीत काढून रात्रभर ठेवा. तळाशी हिरवा किंवा गुलाबी थर बसला तर कूलंट, रंगहीन बसला तर बहुधा बाहेरचं पाणी. कधीकधी मिश्रण फुटतच नाही, म्हणून थर दिसला नाही तर निर्धास्त होऊ नका.

बाहेरचं पाणी शिरतं ते खरंच, त्यात मेसेज पूर्ण चुकलेला नाही. तापलेलं इंजिन ओढ्यात किंवा तुंबलेल्या रस्त्यावर बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर पाइपमधून (आतली हवा आत-बाहेर करणारी नळी) पाणी ओढलं जातं. हीरोची एक्सपल्स २०० किंवा कावासाकीची केएलएक्स २३० असेल तर कूलंटचा प्रश्नच नाही, त्यांत कूलंट नसतंच. पण हे दुर्लक्ष करायचं कारण नव्हे, पाण्यानं बेअरिंग गंजतात.

कूलंट की पाणी हे ठरवायला माझा भरवसा एकाच परीक्षेवर आहे. आतलं जुनं दुधाळ तेल स्वस्त ऑइलनं दोन-तीनदा धुऊन काढा, मग नवं तेल टाका, बाइक बाहेरून धुऊ नका, कोरड्या रस्त्यावर तासभर चालवा. पुन्हा दुधाळ झालं तर गळती आतलीच. सोय असेल तर तेल काढून, ड्रेन बोल्ट उघडा ठेवून, कूलिंग सिस्टीममध्ये रेडिएटरच्या कॅपवर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरा आणि खाली कागद अंथरा. कागदावर हिरवा थेंब पडला की वाद मिटला.

नुसतं ऑइल बदलून विषय संपत नाही हे यावरून दिसतंच. सील बदलल्यावरही स्वस्त ऑइल टाकून, पाच-दहा मिनिटं इंजिन चालवून, गरम असतानाच काढायचं, असं दोन-तीनदा. मित्राच्या बाइकचं तिसऱ्यांदा काढलेलं तेल स्वच्छ आलं, तरी क्लच घसरत होता. प्लेट काढल्या तर दोन प्लेटवरचं अस्तर फुगून कडेला सुटलं होतं. गॅस्केटच्या आधीच कव्हर उघडलं असतं, तर त्या प्लेट वाचल्या असत्या.