व्हर्च्युअलबॉक्स बसवणं आणि काढणं : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

व्हर्च्युअलबॉक्स बसवण्या-काढण्याबद्दल मी जे लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारं साधन) हे इतर सॉफ्टवेअरसारखंच एक सॉफ्टवेअर आहे. नेक्स्ट-नेक्स्ट करत बसवायचं, नको झालं की सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल करायचं. ड्रायव्हर आणि काढण्याचा क्रम वगैरे सांगून नवख्यांना उगाच घाबरवू नये. दुसरा आक्षेप अधिक गंभीर : मेमरी इंटिग्रिटी (घातक कोडपासून कर्नलचं, म्हणजे विंडोजच्या गाभ्याचं, रक्षण करणारी सोय) बंद करण्याचा उल्लेख करून मी लोकांच्या संगणकाची सुरक्षा कमी करतो आहे. आधी दुसऱ्याचं उत्तर देतो, कारण त्यात गैरसमज राहिला तर खरंच नुकसान होईल.

मेमरी इंटिग्रिटी, किंवा व्हर्च्युअल मशीनसाठी विंडोजच्या स्वतःच्या असलेल्या हायपर-व्ही आणि व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म या सोयी, यांपैकी काहीही चालू असलं, की विंडोज स्वतःच एका हायपरव्हायझरवर (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या थरावर) चालत असतं. प्रोसेसरची व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही ही व्हर्च्युअलायझेशनची, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवण्याची, सोय तेव्हा त्याच्या ताब्यात असते आणि व्हर्च्युअलबॉक्सला ती थेट वापरता येत नाही. २०१८ मध्ये आलेल्या ६.० आवृत्तीपासून अशा वेळी व्हर्च्युअलबॉक्स हायपर-व्हीच्याच आधाराने मशीन चालवू शकतं, फक्त वेग कमी मिळतो. चालू मशीनच्या खिडकीत, खालच्या पट्टीवर उजवीकडे हिरवं कासव दिसलं तर हाच प्रकार आहे असं समजा. कासव दिसणं म्हणजे बिघाड नव्हे. हलकं लिनक्स मशीन त्यावर व्यवस्थित चालत असेल, तर मेमरी इंटिग्रिटीला हात लावू नका. याबाबत माझं मत ठाम आहे. मशीन वापरताच येणार नाही इतकं रखडत असेल, किंवा गेस्टच्या (मशीनमध्ये चालणाऱ्या सिस्टीमच्या) आत आणखी व्हर्च्युअल मशीन चालवायचं असेल, तरच हायपरव्हायझर बंद करण्याचा विचार करावा.

तो बंद करण्यासाठी ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमधून बीसीडीएडिट (विंडोजच्या बूट सेटिंग्ज बदलणारी कमांड) वापरून 'हायपरव्हायझर लाँच टाइप' ऑफ करतात आणि संगणक रीस्टार्ट करतात. त्यानंतर डब्ल्यूएसएल-२ (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) चालत नाही, आणि त्याच्या भरवशावर असलेलं डॉकर डेस्कटॉपही (ॲप वेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन) चालत नाही. आता तुमच्या पहिल्या मुद्द्याकडे येऊ. पुढे कधीतरी व्हर्च्युअलबॉक्स अनइन्स्टॉल केलं, तरी ही सेटिंग ऑफच राहते. इन्स्टॉलरने जे बसवलं तेवढंच अनइन्स्टॉलर काढतो; तुम्ही हाताने काय बदललंत हे त्याला ठाऊक नसतं. मग डब्ल्यूएसएल सुरू होत नाही आणि माणूस भलतीकडेच दोष शोधत बसतो. ती सेटिंग 'ऑटो' करून रीस्टार्ट करणं, आणि विंडोज सिक्युरिटीमधल्या कोअर आयसोलेशनच्या पानावर जाऊन मेमरी इंटिग्रिटी पुन्हा चालू करणं, हा काढण्याच्या कामाचाच भाग आहे. बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू-बंद करणार असाल आणि डिस्कवर बिटलॉकर (डिस्क कूटबद्ध करणारी विंडोजची सोय) असेल, तर रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा. फर्मवेअरमधल्या बदलानंतर बिटलॉकर ती मागू शकतो.

"इतर सॉफ्टवेअरसारखंच" हे मात्र मान्य करता येत नाही. व्हर्च्युअलबॉक्सचा एक भाग थेट कर्नलमध्ये चालतो. शिवाय ब्रिज्ड नेटवर्किंगसाठी (मशीनला थेट तुमच्या नेटवर्कवर जोडण्यासाठी) ते संगणकातल्या नेटवर्क कार्डांवर आपला फिल्टर ड्रायव्हर चढवतं. म्हणूनच बसवताना "नेटवर्क काही क्षण तुटेल" अशी सूचना येते. ती न वाचता पुढे गेलं तर चालू डाउनलोड किंवा कॉल तुटतो. रिमोट डेस्कटॉपवरून बसवत असाल तर तुमचंच कनेक्शन जातं, म्हणून हे काम शक्यतो समोर बसून करावं. ७.० पासून मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ २०१९ रीडिस्ट्रिब्युटेबल आधी असावं लागतं. ते नसेल तर सेटअप तिथेच थांबतो.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही बसवलं, काढलं आणि काही बिघडलं नाही. साध्या वापरात बहुतेकदा असंच होतं. अडचण येते ती मशीन चालू असताना किंवा अर्धवट अवस्थेत असताना काढलं तर. मॅनेजरची खिडकी बंद केल्यावरही वीबॉक्सएसव्हीसी ही प्रोसेस काही सेकंद मागे चालू राहते. एखादं मशीन हेडलेस (खिडकीशिवाय) चालू असेल तर ती थांबतच नाही, आणि अनइन्स्टॉलर 'फाइल वापरात आहे' म्हणून अडतो. अशा वेळी जबरदस्तीने पुढे गेलं, की फिल्टर ड्रायव्हर मागे राहण्याची शक्यता असते. नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीज उघडून पाहा : यादीत 'व्हर्च्युअलबॉक्स एनडीआयएस-६ ब्रिज्ड नेटवर्किंग ड्रायव्हर' अशी ओळ अजून असेल, तर काम अर्धवट झालंय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवली की होस्ट-ओन्ली ॲडॉप्टरही (फक्त तुमचा संगणक आणि मशीन यांना जोडणारं आभासी नेटवर्क कार्ड) कधीकधी सापडतो. त्याचा नेहमीचा पत्ता १९२.१६८.५६.१ असतो.

यावर पहिला उपाय : तीच आवृत्ती त्यावरच पुन्हा बसवायची, रीस्टार्ट करायचं आणि मग रीतसर काढायची. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं. नाहीच भागलं, तर कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये ती ओळ निवडून तिथलंच अनइन्स्टॉल बटण दाबावं. रजिस्ट्री साफ करणारी साधनं इथे वापरू नयेत. विंडोजचं 'नेटवर्क रीसेट' शेवटचा पर्याय म्हणून ठेवा, कारण त्यानंतर व्हीपीएनसारखी सॉफ्टवेअर पुन्हा बसवावी लागू शकतात.

आता तुमची मशीनं. प्रोग्राम काढला तरी यूजर फोल्डरमधलं 'व्हर्च्युअलबॉक्स व्हीएम्स' हे फोल्डर जागच्या जागी राहतं, आणि हे योग्यच आहे, कारण तो तुमचा डेटा आहे. पण जागा मोकळी होईल या आशेने काढणाऱ्याची इथे निराशा होते. मशीनची डायनॅमिक डिस्क भरेल तशी वाढते, गेस्टमधल्या फाइली पुसल्या तरी आपोआप आकसत नाही. नको असलेली मशीनं प्रोग्राम काढण्याआधीच मॅनेजरमधून 'रिमूव्ह' करून 'सगळ्या फाइली डिलीट करा' हा पर्याय निवडून घालवा. एक्सप्लोररमधून हाताने पुसायला गेलात तर स्नॅपशॉट्सच्या (मशीनच्या जतन केलेल्या जुन्या अवस्थांच्या) फोल्डरमध्ये फसगत होते. तिथली प्रत्येक फाइल मूळ डिस्कवरचे फक्त बदल साठवते. साखळीतली एक फाइल गेली की त्यापुढचं सगळं वाचता येत नाही. यूजर फोल्डरमधलंच, नावाच्या सुरुवातीला टिंब असलेलं व्हर्च्युअलबॉक्सचं सेटिंग्ज फोल्डरही मागे राहतं. त्यात जुन्या मशीनची नोंद असते, म्हणून पुन्हा बसवल्यावर यादीत 'इनॲक्सेसिबल' मशीनं दिसतात.

मशीन ठेवायचं असेल तर ते 'सेव्ह स्टेट' करून सोडू नका, गेस्टच्या आतून पूर्ण शटडाउन करा. सेव्ह केलेली स्थिती म्हणजे मेमरीचं चित्र. वेगळ्या आवृत्तीवर किंवा वेगळ्या प्रोसेसरवर ते उघडेलच असं नाही, आणि न उघडल्यास टाकून देण्याशिवाय मार्ग नसतो. दुसऱ्या संगणकावर न्यायला ओव्हीए एक्स्पोर्ट (पूर्ण मशीन एकाच फाइलमध्ये बांधणं) सोयीचं, पण त्यात फक्त सध्याची स्थिती जाते, स्नॅपशॉट जात नाहीत. ते हवे असतील तर मशीन बंद करून त्याचं पूर्ण फोल्डर कॉपी करा.

शेवटी तुम्ही विचारलंय की लिनक्सवर तरी ही कटकट नसेल ना. तिथे ती वेगळ्या रूपात आहे. व्हर्च्युअलबॉक्सची मॉड्यूल (कर्नलला जोडले जाणारे भाग) चालू कर्नलसाठी बांधलेली असतात. कर्नल अपडेट झाला आणि त्याचे हेडर (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली) नसतील, तर नवी मॉड्यूल बांधली जात नाहीत आणि मशीन सुरू होत नाही. सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड चालू देणारी फर्मवेअरची सोय) चालू असेल तर मॉड्यूलवर डिजिटल सही लागते. कर्नल ६.१२ पासून केव्हीएम (लिनक्सची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय) मॉड्यूल लोड होतानाच प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन सोय ताब्यात घेतं, त्यामुळे व्हर्च्युअलबॉक्स व्हीटी-एक्सची त्रुटी दाखवू शकतं. त्यावर उपाय म्हणून केव्हीएम ब्लॅकलिस्ट केलं (लोड होण्यापासून रोखलं) असेल किंवा बूटच्या ओळीत काही घातलं असेल, तर व्हर्च्युअलबॉक्स काढल्यावर तेही परत फिरवा. आणि डॉट-रन फाइलने बसवलं असेल तर ॲप्ट (पॅकेज बसवणारं-काढणारं साधन) ते काढू शकत नाही, कारण त्याच्या नोंदीत ते नसतंच. तीच डॉट-रन फाइल, पुढे 'अनइन्स्टॉल' जोडून, रूट हक्काने चालवावी लागते. फाइल हरवली असेल तर ऑप्ट फोल्डरमधल्या व्हर्च्युअलबॉक्सच्या फोल्डरात अनइन्स्टॉलची स्क्रिप्ट असते.