फक्त तीन कमांडचं काम

"फक्त तीन कमांड टाका, प्रोजेक्ट तयार!" असं वेबसाइट करायला शिकवताना छातीठोकपणे सांगणारा माणूस एकतर व्हिडिओ कापून-जोडून बसलेला असतो, नाहीतर त्याच्या घरची लाईट जात नसते. आमच्या बेळगावच्या शहापुरात दोन्हीची सोय नाही.

काम खरं तर चिमूटभर. मामांचा मांडे, म्हणजे पातळ गोड पोळ्या, करून विकायचा धंदा आहे. लग्नसराईत फोन घेता घेता मामी मेटाकुटीला येतात, म्हणून मामांनी मला गाठलं. "एक साधं पान कर की रे. मांड्याचा फोटो, दर, फोन नंबर. झालं." एवढ्यासाठी एक एचटीएमएल फाइल पुरली असती, हे मलाही कळतं. पण हल्ली तसं केलं तर मित्र बोलायचे बंद होतात. रिॲक्ट, म्हणजे वेबची पानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी, पाहिजे. रिॲक्टसाठी वीट, म्हणजे प्रोजेक्ट उभा करून चालवणारं टूल, पाहिजे. वीटसाठी नोड, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, पाहिजे, आणि तो नवा पाहिजे. माझ्याकडे १८ होता. वीटच्या सातव्या आवृत्तीला किमान २०.१९ लागतो. मग नोडची आवृत्ती बदलायला आणखी एक टूल, एनव्हीएम. म्हणजे पहिली कमांड टाकण्याआधीच चार कमांड झाल्या, त्या कुणी मोजत नाही. जुने व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांचे हाल तर विचारूच नका. त्यातलं क्रिएट-रिॲक्ट-ॲप, म्हणजे प्रोजेक्ट सुरू करायचं जुनं टूल, फेब्रुवारी २०२५ मध्ये रिॲक्टवाल्यांनीच निवृत्त केलं, पण व्हिडिओतले मास्तर अजून तेच शिकवत बसलेत.

शेवटी 'एनपीएम क्रिएट वीट' चाललं (एनपीएम म्हणजे इतरांचा तयार कोड उतरवून देणारं टूल) आणि पहिलाच प्रश्न आला: प्रोजेक्टचं नाव काय? बेळगाव-मांडे की बेळगावी-मांडे? १ नोव्हेंबर २०१४ ला गावाचं सरकारी नाव बदललं, घरातलं बदललं नाही. काहीही लिहिलं तरी कुणीतरी रुसणार. टूलने स्वतःच 'वीट-प्रोजेक्ट' असं सुचवलं होतं. पुढचं सगळं त्याला आधीच ठाऊक असावं. मी गुमान एंटर दाबलं.

मग दुसरी कमांड, एनपीएम इन्स्टॉल. टर्मिनलच्या, म्हणजे कमांड टाकायच्या खिडकीच्या, कोपऱ्यात एक इवलंसं चिन्ह गोल गोल फिरायला लागलं. तिकडे मामांनी उपड्या कढईवर मांडा पसरला, भाजला, गरम असतानाच त्याची घडी घातली आणि पुढचा घेतला; इकडे चिन्ह फिरतंयच. तेवढ्यात लाईट गेली. लॅपटॉपला बॅटरी आहे, पण राउटरला कुठली? मोबाईलचं हॉटस्पॉट चालू करून गच्चीवर गेलो, तिथे रेंज बरी मिळते.

"गच्चीवर काय करूलालास रे?" खालून मामी.

"डिपेंडन्सी उतरवूलालोय."

"मग येताना पापड पण उतरव."

ह्या डिपेंडन्सींचं, म्हणजे आपला प्रोजेक्ट ज्या दुसऱ्यांच्या पॅकेजेसवर उभा असतो त्यांचं, मला भारी कौतुक वाटतं. एका मांड्याचा दर दाखवायला जगभरातल्या अनोळखी माणसांचा कोड नोड-मॉड्यूल्स नावाच्या फोल्डरात येऊन बसतो. त्यातला कुणी रुसला तर? २०१६ च्या मार्चमध्ये तसंच झालं. एका पॅकेजच्या नावावरून वाद पेटला, आणि रागावलेल्या प्रोग्रामरने आपली सगळी पॅकेजेस एनपीएमवरून उचलून नेली. त्यात लेफ्ट-पॅड होतं, अवघ्या ११ ओळींचं. अक्षरांच्या डावीकडे रिकामी जागा भरायची, एवढंच त्याचं काम. ते गेलं आणि हजारो प्रोजेक्ट आडवे झाले. नावावरून एवढं कसं पेटतं, असं पुण्या-बेंगळुरूचे मित्र विचारतात. आमच्याकडे कुणी विचारत नाही.

खरी गाठ मात्र फोटोंच्या स्लायडरने घातली. त्याला रिॲक्ट १८ हवा, आणि प्रोजेक्टमध्ये बसलेला १९. टर्मिनल लालेलाल: 'ईरिझॉल्व्ह', म्हणजे आवृत्त्यांचं भांडण काही सुटेना. मला ते वाचताक्षणीच घरच्यासारखं वाटलं. हा तर आमचा सीमाप्रश्न! १९५६ ची पुनर्रचना, मग महाजन आयोग, २००४ पासून सर्वोच्च न्यायालय. जागा एक, हक्क सांगणारे दोन, आणि निकाल नाही. एनपीएमचा तोडगाही ओळखीचाच निघाला. कमांडला 'लेगसी-पिअर-डेप्स' हा फ्लॅग जोडा, म्हणजे वाद आहे तसा राहील आणि तुमचं चालू द्या. वर खुलासा, की ही जुळणी चुकीची आहे आणि मोडूही शकते. आमच्या तीन पिढ्या ह्याच फ्लॅगवर चालल्यात. मी बेधडक जोडला. स्लायडर सुरू झाला.

सरतेशेवटी काही पॅकेजेसनी वर्गणी मागितली, एनपीएमच्या ऑडिटने, म्हणजे पॅकेजेसच्या सुरक्षा-तपासणीने, मध्यम स्वरूपाचे धोके दाखवले आणि 'फिक्स फोर्स' करून बघ असं सुचवलं. त्या वाटेला मी जात नाही. चाललेलं जबरदस्तीने दुरुस्त करू नये.

मग तिसरी कमांड, एनपीएम रन डेव्ह. लोकलहोस्ट ५१७३ वर मामांचा मांडा झळकला. मामांनी चष्मा पुसून बघितलं.

"कन्नड कुठाय ह्यात? सरकारी नियमानं दुकानाच्या पाटीवर साठ टक्के लागतंय."

"ते पाटीला, मामा."

"पाटीचं राहू दे. निपाणीचं गिऱ्हाईक मराठीत विचारतंय, बैलहोंगलचं कन्नडात. दोघांनाही दर कळायला नको?"

ह्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. भाषांतरासाठी आणखी एक पॅकेज आलं. मग मामांनी आपल्या फोनवर तोच पत्ता घातला. काही उघडेना.

"मामा, लोकलहोस्ट म्हणजे ह्या लॅपटॉपपुरतंच. बाहेर दिसायला अजून होस्टिंग करायचंय."

"म्हणजे गिऱ्हाइकानं बघायला इथं यायचं?"

"सध्या होय की."

"इथं आल्यावर त्याला मांडाच दाखवतो की," मामा म्हणाले आणि पीठ मळायला उठले.