पुण्याच्या प्लेगवर प्रकल्प करणाऱ्या मुलांसाठी (आणि त्यांच्या गाईडसाठीही)

इतिहासाच्या प्रकल्पांचा हंगाम आला की १८९७ चा पुण्यातला प्लेग हमखास येतोच. विषय उत्तमच आहे. प्लेगच्या बंदोबस्ताचा इंग्रज अधिकारी रँड, त्याला मारणारे चापेकर बंधू, २२ जूनची रात्र, गणेशखिंडीचा रस्ता, सगळं नाट्य आयतं तयार. पण शेवटच्या पानावर संदर्भ म्हणून काय असतं? विकिपीडिया, दोन-तीन यूट्यूबच्या लिंका, '२२ जून १८९७' हा सिनेमा, आणि फारच हौशी पोरगं असेल तर 'केसरी'च्या जुन्या अंकाचा फोटो.

सिनेमा मलाही आवडतो, पण तो १९७९ चा सिनेमा आहे, संशोधन नव्हे. 'केसरी'चा अंक आणि दामोदर चापेकरांचं आत्मवृत्त ही प्राथमिक साधनं, म्हणजे त्याच काळातले अस्सल कागद. दोन्हीकडे बोलणारा माणूस त्या भांडणातलाच आहे. नुसतं तेवढंच वाचलं की मुलं त्याचीच बाजू आपल्या अक्षरात उतरवून काढतात. या विषयावर आधी कुणी डोकं चालवलंय का, हे विचारायचं कुणाला सुचतच नाही.

त्याच साथीत, रुग्णांची सेवा करताना, १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले गेल्या. चापेकरांवरच्या किती प्रकल्पांत त्या असतात? ज्या एका पुस्तकातून उतरवलं त्यात त्या नसल्या, की प्रकल्पातही नसतात.

म्हणून म्हणतो, अस्सल कागदांच्या मागे धावण्याआधी दोन चांगले अभ्यासक गाठा. डेव्हिड आर्नल्ड यांचं 'कॉलोनायझिंग द बॉडी' (१९९३) घ्या. घरात घुसून तपासणी, सक्तीनं इस्पितळात नेणं, याकडे ते परक्या सत्तेनं लोकांच्या शरीरावर सांगितलेला हक्क म्हणून बघतात. मग राजनारायण चंदावरकरांचा प्लेगच्या घबराटीवरचा लेख वाचा. घाबरलेले फक्त लोक नव्हते, सरकारही होतं. परदेशी बंदरं मुंबईची जहाजं अडवतील, ही धास्ती होतीच. सरकारला या सक्तीचे अधिकार देणारा फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा या दोघांच्या उजेडात ठेवून बघा, प्रकल्प तिथे सुरू होतो.

हे सापडायचं कसं? पुस्तक मागून उघडा. एका चांगल्या पुस्तकाच्या तळटीपा आणि संदर्भसूची पुढच्या दहा पुस्तकांचा पत्ता देतात. इंग्रजीत शोधताना 'पुणे' नको, 'पूना' टाका, 'बॉम्बे प्रेसिडेन्सी' (तेव्हाचा मुंबई इलाखा) टाका. फरक लगेच दिसेल. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या वेबसाइटवर पीएचडीचे प्रबंध फुकट आहेत. अख्खा प्रबंध वाचू नका, पूर्वसंशोधनाचा आढावा तेवढा बघा, कुणी काय लिहिलंय ते एकत्र मिळतं. (दर्जाची हमी नाही हं, काही आढावे नुसतीच नावांची यादी असतात.) जेस्टोर या संशोधन-लेखांच्या वेबसाइटवर मोफत खातं काढून बरेच लेख ऑनलाइन वाचता येतात. इंग्रजीला बिचकत असाल तर मराठी विश्वकोशापासून सुरुवात करा, फक्त तिथेच मुक्काम ठोकू नका.

आता गाईड मंडळींना. कॉलेजच्या ग्रंथालयातली संदर्भपुस्तकं काचेच्या कपाटात कुलूपबंद, किल्ली कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नाही, आणि वर आपण म्हणायचं मुलं वाचत नाहीत! आणि तोंडी परीक्षेत 'रँडचा वध कधी झाला' हे विचारणं सोडा, ते फोन सांगतो. त्याऐवजी एवढंच विचारा: तुझ्या यादीतल्या दोन लेखकांचं कुठे पटत नाही, आणि तुला कुणाचं पटलं?