तांबडी तुटक रेषा

निवृत्तीनंतर मी काय काय करावे याची यादी सौभाग्यवतींनी बरीच आधी तयार ठेवली होती. जुन्या नकाशातल्या पायवाटा अजून जागेवर आहेत की नाहीत हे पाहण्याचे काम तीत नव्हते. तरीही एका रविवारी डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन, भारतीय सर्वेक्षण विभागाचा ४७ ओ/१३ क्रमांकाचा स्थलनिर्देशक नकाशा काखेत मारून मी बार्शी रस्त्याने सोलापूरजवळच्या नान्नजकडे निघालो.

नकाशा पन्नासेक वर्षांपूर्वीचा आहे. त्यात दोन वस्त्यांच्या मध्ये एक तांबडी तुटक रेषा आहे आणि सूचीप्रमाणे ती पायवाट आहे. प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरच्या २ सेंटिमीटरचा जमिनीवर १ किलोमीटर होतो. रेषा ७ सेंटिमीटर भरली, तेव्हा तासाभराचे काम आहे असे मी घरी सांगितले. (परतलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते.) त्यातली गोम जागेवर गेल्यावर उमगली: अर्ध्या मिलिमीटरची रेघसुद्धा या प्रमाणात २५ मीटर रुंद होते. म्हणजे हिशेबाप्रमाणे मी हमरस्त्याएवढी पायवाट शोधत होतो आणि समोर होता वेड्या बाभळीने गिळलेला हातभर बांध.

समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, या नकाशात उंचीच्या दर २० मीटरला एक अशा काढलेल्या असतात. सह्याद्रीत त्यांनी कागद तपकिरी होऊन जातो. आमच्याकडे एका रेषेपासून दुसरीपर्यंत अख्खे शिवार संपते. यावरून जमीन सपाट असल्याचा समज करून घेऊ नये. दहा मीटरचा ओढा उतरून, धापा टाकत पलीकडे चढलो, तरी नकाशाच्या लेखी मी हललेलोच नव्हतो. फोनचा आधार घ्यावा, तर त्यातला निळा ठिपका मला भलत्याच ज्वारीत उभा करी. जुना नकाशा सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेला, फोन जीपीएसची डब्ल्यूजीएस ८४ नावाची पृथ्वी मानणारा. दोन पृथ्व्यांच्या भांडणात मी एकटा, आणि पायात कुसळे.

विहीर मात्र सापडली. नकाशात आहे तिथेच होती: कोरडी, भिंतीतून पिंपळ उगवलेली, आणि काठाच्या दगडाला मोटेच्या नाड्याने पाडलेल्या बोटभर खोल खाचा. मी त्या खाचांवरून हात फिरवला आणि नकाशा काढणाऱ्या त्या अनोळखी माणसाला मनोमन नमस्कार केला. नंतर रेषेप्रमाणे शंभर पावले चाललो आणि काटेरी तारेवर आदळलो. तारेपलीकडे द्राक्षबाग होती.

बागवाले काका तेवढ्यात आलेच. ‘मोजणीला आलाय का, साहेब?’ मी पायवाट बघायला आल्याचे सांगताच त्यांचा चेहरा मोजणीपेक्षाही वाईट बातमी ऐकल्यासारखा झाला. नकाशा पाहून ते म्हणाले, ‘ही रेघ आमच्या बागेतनं कशी जाती? खोडून टाका तेवढी.’ भारत सरकारची रेघ मला खोडता येत नाही, हे मी नम्रपणे सांगत होतो, तोवर शेजारचा एक तरुण मोटरसायकल थांबवून माझ्या खांद्यावरून डोकावला आणि हरखून मला म्हणाला, ‘काका, ह्याची झेरॉक्स द्या. तहसीलदारापुढं टाकतो.’ १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचे कलम ५ त्याला तोंडपाठ होते. वहिवाटीचा रस्ता अडवला तर तो मोकळा करून मागण्याचा अर्ज याच कलमाखाली होतो, ही माहिती त्याने मला कमी आणि बागेला जास्त ऐकवली.

दोघांचे आवाज चढू लागले, तेव्हा खुलाशासाठी मी नकाशा बांधावर पूर्ण उलगडला. वर्षानुवर्षे एकाच जागी घडी पडून कागद तिथे झिजला होता, आणि नेमक्या बागेच्या ठिकाणी तांबडी रेषा नखभर पुसली गेली होती.

‘बघा, इथं वाटच नाही,’ काका म्हणाले.

‘बघा, इथंच अडवलीय,’ तरुण म्हणाला.